मदत हवी आहे: गेममधल्या हरणाच्या पिल्लाची गोष्ट सारखी मध्येच संपते

पानगळ:
कोणी जरा लवकर सांगाल का? तिसऱ्यांदा तेच झालं. गोष्ट रंगात येते आणि वाईट शेवट होऊन संपते. मागे जाऊन पुन्हा खेळलं तरी तोच शेवट. रोज झोपण्याआधी लेकीला यातलं थोडं थोडं आवाज काढून वाचून दाखवते. काल "आई, त्याला वाचव ना" म्हणत तिने उशीत तोंड खुपसलं. आज रात्रीच्या आत सुटायला हवं. शोधायला जावं तर जो तो शेवट फोडून बसलाय. हा बग आहे का? सगळं पुसून नव्याने सुरू करू?

रानवाटा:
काही पुसू नका! गेम कोणता? कशावर खेळताय?

गिरकी:
ओरी या गेमचा पहिला भाग असणार, २०१५ चा. जिन्सो झाडात पाणी वर चढत येतं तिथे सगळेच अडकतात. त्या पळापळीत सेव्ह करता येत नाही, पाण्याने गाठलं की पळ पहिल्यापासून. उपाय एकच, त्याच झाडात मिळालेली बॅश ही युक्ती हात बसेपर्यंत घोटा. उडत येणारा गोळा धरायचा, तो एका दिशेला आणि आपण उलट दिशेला. आणि कीबोर्ड बाजूला ठेवून कंट्रोलर घ्या.

शेवाळ:
कंट्रोलरच हवा असं कोणी सांगितलं? बॅशची दिशा माउसने जास्त नेमकी धरता येते. मी तो पूर्ण गेम कीबोर्ड-माउसवर संपवलाय.

गिरकी:
संपवला असाल, पण उड्यांची लय बोटात बसते ती कंट्रोलरवरच. पन्नासेक वेळा मेल्यावर हे कळलंय मला.

पानगळ:
ओरी नाही हो. यात उड्या नाहीत, मारामारी नाही. पुस्तक आहे. हरीण आहे म्हणून वर लिहिलंय की.

खारूताई:
पुस्तक म्हणजे ट्यूनिक! २०२२ चा. त्यात खेळाच्या माहितीपुस्तिकेची पानं रानात विखुरलेली असतात आणि ती अनोळखी लिपीत असतात. चित्रांवरून अंदाज बांधत जायचं. मी वही घेऊन बसले होते, बाण आणि खुणा उतरवून काढत. लहानपणी अक्षर ओळख नसताना चित्रांचं पुस्तक चाळायचो ना, अगदी तसं वाटतं. लढाई जमत नसेल तर सेटिंगमध्ये नो फेल मोड आहे, त्यात हरतच नाही, तो खुशाल लावा. त्यात कमीपणा काही नाही.

शेवाळ:
खारूताई, ट्यूनिकमध्ये कोल्हा आहे. आणि धागाकर्तीने आत्ताच सांगितलं, मारामारी नाही.

खारूताई:
हो, घाईत वाचलं. क्षमस्व. पण ट्यूनिक खेळाच.

पिंपळपान:
ताई, इंग्रजी वाचण्याची अडचण असेल तर बोटॅनिक्युला घ्या, २०१२ चा. पाच चिमुकले जीव आपल्या झाडाचं शेवटचं बी वाचवायला निघतात. संवाद नाहीत, सगळं चित्रं आणि आवाजांवर. कुठेही क्लिक करा, काहीतरी गंमत निघते. माझी मुलगी एकेका फांदीवर अर्धा अर्धा तास रमायची.

पानगळ:
इंग्रजीची अडचण नाही, मीच वाचून दाखवते म्हटलं ना. दुसरा गेमही नकोय. हाच सोडवायचाय.

टकटक:
ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करून बघा. माझे दोन गेम तसेच सुरळीत झाले.

रानवाटा:
टकटक, गोष्ट संपण्याचा आणि ड्रायव्हरचा संबंध नाही. पानगळ, चार गोष्टी सांगा. पिल्लाचं नाव ल्यूका का? गोष्ट सांगणाऱ्या बाईंचा आवाज आहे का? मध्ये फांद्या फुटलेलं झाड दिसतं का? आणि मागे जाता म्हणजे नेमकं कुठे जाता?

पानगळ:
हो, ल्यूका. आवाज आहे, झाडही आहे. मला वाटलं हरीण म्हटल्यावर कळेल. मागे म्हणजे शेवटच्या वळणावर, ते सर्वांत जवळ पडतं ना. तिथे तेच दोन शब्द असतात, दोन्ही वापरून झालेत.

रानवाटा:
मग हा बीकन पाइन्स, आणि बग नाही. तुमची चूकही नाही, मीही पहिल्यांदा दोन संध्याकाळी तिथेच घुटमळलो होतो.

त्यात तुम्ही ल्यूकाही असता आणि पुस्तक वाचणारेही. लोकांशी बोलताना, वस्तू न्याहाळताना जे शब्द मिळतात ते चार्म. वळणावर वाक्यात गाळलेली जागा असते, तिथे चार्म बसवला की गोष्टीची दिशा बदलते. मेख अशी आहे की एका फांदीवर मिळालेला शब्द बऱ्याचदा दुसऱ्याच, आधीच्या वळणावर बसतो. वाईट शेवटाकडे जाताना जे हाती लागलं ते घेऊन झाडाच्या खालच्या भागात उतरायचं. म्हणजे तो शेवट फुकट गेलेला नसतो, ल्यूकाला वाचवायची किल्ली कधीकधी त्याच फांदीवर मिळालेली असते.

तेव्हा झाड उघडा, बुंध्याकडून एकेक वळण बघत वर या. जिथे न वापरलेला शब्द बसतोय तिथून वाचायला लागा. कोणता शब्द ते मुद्दाम लिहीत नाही. लेकीला शोधू दे.

गिरकी:
हे छान समजावलंत. अवांतर: अशा रानातल्या इंडी, म्हणजे स्वतंत्रपणे बनवलेल्या गेममध्ये ओरीइतकं देखणं काही नाही, हे मात्र मी म्हणणारच.

शेवाळ:
ओरी इंडी कसा? प्रकाशक मायक्रोसॉफ्ट होता.

गिरकी:
बनवणारा मून स्टुडिओज स्वतंत्र आहे, त्यांची माणसं वेगवेगळ्या देशांतून घरून काम करायची. प्रकाशक मोठा म्हणून हाताने रंगवल्यासारखं ते रान कमी प्रेमाचं होत नाही.

शेवाळ:
प्रेमाबद्दल वाद नाही, शब्दाबद्दल आहे. मग जवळपास एकट्या माणसाने घडवलेल्या अ शॉर्ट हाइक या गेमला काय म्हणायचं?

पानगळ:
मिळालं! खालून तिसऱ्या वळणावर बसला. शब्द लेकीनेच ओळखला, माझ्या आधी. ल्यूका सुटला का ते अजून माहीत नाही, पण गोष्ट नव्या फांदीवर गेलीये आणि ती झोपायला तयार नाही. रानवाटा, मनापासून आभार. पिंपळपान, मघाशी तुटकपणे बोलले, राग मानू नका. त्या पाच जिवांपैकी कोणी बोलत नाही म्हणालात, मग मी आवाज कुणाचे काढू?

पिंपळपान:
राग कसला! आवाज गेममध्ये भरपूर आहेत, तोंडानेच काढल्यासारखे. तुम्ही दोघी मिळून नकला करा. आम्ही तेच करायचो.