नवापूरहून अहिल्यानगरच्या ख्रिश्चन कॉलेजात: फी, शिष्यवृत्ती आणि समुपदेशन

रंगावलीकाठ (नवापूर)
नमस्कार मंडळी. भाच्याला बारावी सायन्सनंतर अहिल्यानगरच्या एका ख्रिश्चन संस्थेच्या कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश मिळतोय. आम्ही मावची, घर ख्रिस्ती. त्याच्याकडे अनुसूचित जमातीचा दाखला आहे, वडिलांचं उत्पन्न दोन लाखांच्या आत. गावात सांगतात की ख्रिस्ती असल्यावर आदिवासी शिष्यवृत्ती बंद, आणि अल्पसंख्याक कॉलेजात तर नाहीच. ऑफिसवाले पूर्ण फी आधी भरा म्हणतात. दुसरं, पोरगा अबोल आहे, पहिल्यांदाच घर सोडतोय. तिथे जीव रमला नाही तर त्याने कोणाशी बोलायचं?

दाखलेवाला (नंदुरबार)
दादा, पहिली भीती सोडा. अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट नाही. ती अट अनुसूचित जातींच्या आदेशात आहे, लोक दोन्ही एकत्र करून सांगतात. गामीत, गावित, मावची, पाडवी ही नावं महाराष्ट्राच्या यादीत एकाच नोंदीत आहेत.

अल्पसंख्याक कॉलेजचं म्हणाल तर, त्यांना प्रवेशात जमातीच्या राखीव जागा ठेवण्याचं बंधन नाही. शिष्यवृत्तीचा त्याच्याशी संबंध नाही. कॉलेज मान्यताप्राप्त हवं आणि कोर्स महाडीबीटीच्या, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या यादीत दिसायला हवा. प्रवेश घेण्याआधी पोर्टलवर कॉलेज आणि कोर्स शोधून पाहा.

उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्यावर असेल तर फ्रीशिप, म्हणजे फक्त फीची माफी. अल्पसंख्याकांचीही वेगळी योजना आहे, पण एका वेळी एकच अर्ज धरा. तुमच्यासाठी जमातीचीच बरी, कारण फीसोबत निर्वाह भत्ताही मिळतो.

सेतूजवळ (शहादा)
अर्ज कुठे अडकतात ते सांगतो. बँकेत आधार ‘लिंक’ असणं आणि डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) ‘सीडिंग’ होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे सर्वात शेवटी सीड झालेल्या खात्यात जातात. मोबाईलच्या दुकानात सिमसोबत पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलं असेल तर रक्कम तिकडे जाते आणि घरचे वर्षभर पासबुक पाहत बसतात. आधारच्या वेबसाइटवर सीडिंगची स्थिती तपासा, बँकेचं नाव चुकीचं दिसलं तर हव्या त्या शाखेत सीडिंगचा फॉर्म भरा.

आधारला वडिलांचा मोबाईल जोडलेला असेल तर पोरगा हॉस्टेलला, ओटीपी नवापूरला. निघण्याआधीच आधार केंद्रात त्याचा नंबर जोडून घ्या. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणून त्याची मुदत पाहा. दहावीची मार्कशीट, आधार आणि जातीचा दाखला यांत नाव-आडनावाचा क्रम सारखा हवा. चर्चमध्ये वेगळं नाव ठेवलेलं असतं तिथे हा घोळ नेहमी होतो.

आणि अर्जात डे स्कॉलर (हॉस्टेलबाहेर राहणारा) की हॉस्टेलर, हे विचारतात. हॉस्टेलर टाकलं आणि वॉर्डनचं पत्र जोडलं नाही तर अर्ज परत येतो. परत आलेला अर्ज मुदतीत दुरुस्त करून पुन्हा पाठवला नाही तर ते वर्ष गेलं. पुढे अर्ज कॉलेजच्या क्लार्ककडून प्राचार्यांकडे आणि मग आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाकडे जातो. कॉलेज नगर जिल्ह्यातलं असल्याने तुमचं काम राजूरच्या प्रकल्प कार्यालयाशी, नंदुरबारशी नाही.

फीची पावती (धुळे)
पूर्ण फी आधी मागतात त्यावर: पात्र विद्यार्थ्यांकडून शिक्षण शुल्क आगाऊ घेऊ नये अशा शासनाच्या सूचना आहेत. तोंडी वाद घालू नका. प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या, सोबत जात व उत्पन्नाचे दाखले जोडा, आवक क्रमांकाची पोच घ्या. मूळ कागद कॉलेजात ठेवू नका, छायांकित प्रती द्या.

कोर्स अनुदानित तुकडीतला की विनाअनुदानित, हे आधी विचारा. एकाच कॉलेजात साधी बी.एस्सी. अनुदानित आणि कॉम्प्युटर सायन्स विनाअनुदानित असू शकते, फीत मोठा फरक पडतो. शिष्यवृत्तीत मंजूर शुल्कच धरतात. खानावळ आणि विकास निधीसारखे आकार घरून भरावे लागतात.

राहण्या-जेवणासाठी शासकीय आदिवासी वसतिगृहात जागा न मिळाल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपये, मोठ्या शहरांत जास्त. पैसे हप्त्यांनी येतात आणि उशिरा येतात. म्हणून पहिल्या सत्राच्या खानावळीची सोय आधी करून ठेवा. मिशनच्या कॉलेजांत बहुधा गरीब विद्यार्थी निधी असतो, मंडळीच्या पाळकांचं पत्र तिथे उपयोगी पडतं. पण अर्ज जून-जुलैतच करा, दिवाळीपर्यंत निधी वाटून झालेला असतो. ‘कमवा आणि शिका’ची (कॉलेजात काम करून पैसे मिळवण्याची योजना) नावनोंदणीही तेव्हाच विचारा.

सातपुडा (तळोदा)
अबोल मुलाबद्दल. कॉलेजात तीन माणसं असतात आणि तिघांची कामं वेगळी. मेंटर शिक्षक हजेरी-अभ्यास पाहतात. चॅपलेन, म्हणजे कॉलेजचे पाळक, प्रार्थना आणि आधारासाठी. समुपदेशक प्रशिक्षित असतो, त्याच्याशी झालेलं बोलणं गुप्त राहतं, फक्त जिवाला धोका दिसला तर घरी कळवतात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक ठेवायला सांगितलं आहे. त्यामुळे प्रवेशाच्या दिवशीच नाव, खोली आणि वेळ विचारून भाच्याला दाखवून या.

आपल्याकडची मुलं बहुधा पैशावरूनच गप्प होतात. खानावळीचं बिल थकलं की जेवायला जायला लाजतात, मग तासाला जात नाहीत, हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली की पुढच्या वर्षीची शिष्यवृत्ती अडकते. त्याला स्पष्ट सांगा की बिल थकलं तर त्याच आठवड्यात समुपदेशकाकडे जा. हप्त्यांसाठी ऑफिसात शब्द टाकायला तोच उपयोगी पडतो. घरी मावची आणि वर्गात इंग्रजी, यानेही पहिल्या सत्रात मार लागतो. जादा तास असतात का ते विचारा. रात्री-अपरात्री टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास मोफत, मराठीतही बोलतात.

रंगावलीकाठ (नवापूर)
सर्वांचे आभार. उद्याच सीडिंग तपासतो. ओटीपीचं तर डोक्यातच नव्हतं. दाखलेवाला भाऊ, जात वैधता प्रमाणपत्र (जातीच्या दाखल्याची पडताळणी) आत्ताच लागेल का?

दाखलेवाला (नंदुरबार)
साध्या बी.एस्सी.ला जातीचा दाखला पुरतो. पुढे बी.एड. किंवा फार्मसीकडे वळणार असेल तर लागेलच, आणि पडताळणी समितीकडे वेळ जातो. आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले आत्ताच शोधून ठेवा. मिशन शाळेतली जुनी नोंद असेल तर तिची सही-शिक्क्याची प्रत काढून घ्या.