बेज की निळा? पश्चिमेची खोली, त्यात कुलर

मनीषनगरकर
नमस्कार मंडळी. दहा बाय बाराची बेडरूम रंगवायची आहे. खिडकी एकच, तीही पश्चिमेला, अन् उन्हाळाभर तिच्यात कुलर. बायको बेज म्हणून राहिली, पोरगी निळ्यावर अडून बसली. निळ्यानं खोली थंड राहते म्हणे. आईला विचारलं तर, "चुना मारा नं सरळ!" पेंटर रोज फोन करून राहिला. सांगा बाप्पा काहीतरी.

रंगारी_इतवारी
भाऊ, आतल्या रंगानं खोली थंड होत नसते. मे अखेरच्या नवतप्यात पारा 45 च्या वर जातो, ती आग स्लॅबमधून उतरते. गच्चीला पांढरा लेप द्या, फरक तिथं पडेल. निळ्यानं डोळ्यांना गार वाटतं, तेवढंच.
कुलरला बोअरचं पाणी वापरता का? मग खिडकीखाली शिंतोडे उडून क्षाराचे पांढरे ठिपके बसतात. बेजवर ते लपतात. गडद निळ्यावर दारातून दिसतात, अन् ओल्या फडक्यानं पुसलं की अजून पसरतात.

धरमपेठची_ताई
कुलरनं खिडकी अडली म्हणजे रंग दिवसाही दिव्यातच दिसणार, हे धरून चला. पिवळसर एलईडी असेल तर फिकट निळा मळकट, हिरवट वाटतो. पांढऱ्याफेक ट्यूबखाली बेज अगदी कोऱ्या कागदासारखा. शेडच्या माहितीत एलआरव्ही बघा, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो तो आकडा: 0 म्हणजे काळा, 100 म्हणजे पांढरा. फिकट बेज 60-70 च्या आसपास असतो, नेव्ही ब्लू 10 च्याही खाली. तुमच्या खोलीत चारही भिंती गडद निळ्या? मला तर गुदमरायला होईल. सॅम्पलची छोटी डबी आणून दोन्ही रंगांचे मोठे पट्टे मारा आणि दिव्यात बघा, कुलर नसताना संध्याकाळी पाचलाही बघा. तिरप्या उन्हात बेज केशरी होतो, निळा राखाडी पडतो.

मनीषनगरकर
बोअरचंच पाणी आहे जी. मग पलंगामागची भिंत निळी, बाकी बेज. पोरगी फुगली आहे, पण ऐकेल. खिडकीखाली पोपडे सुटलेत, त्यावर नुसती पुट्टी चालेल का?

रंगारी_इतवारी
नाही चालत. आधी पूर्ण खरवडा, भिंत सुकू द्या, मग प्रायमर अन् पुट्टी. पावसाच्या आत उरकत असेल तर ठीक, नाहीतर दिवाळीच्या आधी काढा काम. ओल्या भिंतीवर रंग चढवायची पेंटरला घाई असते, तुम्हाला नको.