मदत हवी आहे : सेस्ना १७२ हे छोटे विमान उतरवताना त्याचे नाक नेमके केव्हा उचलावे?

खासगी वैमानिक परवान्यासाठी लागणारे किमान ४० तासांचे उड्डाण मी पंचेचाळिशीत, नोकरी सांभाळून, बारामतीला सेस्ना १७२ वर पूर्ण करत आहे. उड्डाण, वळणे, स्टॉलमधून (पंखांची उचल अचानक घटण्याच्या स्थितीतून) सावरणे जमते. पूर्ण फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) देऊन साधारण ६५ नॉट वेगाने धावपट्टीवर येईपर्यंत सारे स्थिर असते, परंतु नाक उचलण्याचा क्षण अजून ओळखता येत नाही. लवकर उचलले तर विमान जमिनीपासून उंचावरच वेग गमावते आणि उशीर झाला तर पुढचे चाक आधी टेकण्याची भीती असते, ज्याची मला मनापासून काळजी वाटते. नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे ठेवावी, असे प्रशिक्षक सांगतात; मात्र ती साधारण कोणत्या उंचीवर तिकडे वळवावी? प्रौढ वयात शिकलेल्यांनी आपला अनुभव कृपया सविस्तर लिहावा.