पाठ असलेले वचन मोहाच्या वेळी उलटे का आठवते?

प्रश्न (खरेदी विभागातला एक)

प्रभूमध्ये सलाम. मी एका कारखान्याच्या खरेदी विभागात काम करतो. गेल्या आठवड्यात एक पुरवठादार दिवाळीनिमित्त मिठाईचा डबा ठेवून गेला आणि काजूकतलीच्या खालच्या कागदाखाली नोटांचे पाकीट निघाले. त्याच्या नव्या दरपत्रकावर याच महिन्यात माझी सही व्हायची आहे. लहानपणी संडे स्कूलमध्ये ढीगभर वचने पाठ केलेली असल्यामुळे अशा वेळी एखादे तरी वचन आडवे येईल, असे मी धरून चाललो होतो. परंतु आठवले ते नीतिसूत्रे १८:१६, 'मनुष्याची देणगी त्याला मार्ग करून देते', आणि क्षणभर शास्त्रानेच मुभा दिल्यासारखे वाटले. पाकीट अजून टेबलाच्या खणात आहे. ठाऊक असलेले वचन मोहाचीच वकिली करू लागले, तर पाठांतराचा उपयोग काय?

उत्तर १ (निवृत्त शिक्षिका)

भाऊ, मत्तय ४ मध्ये सैतानही शास्त्रच म्हणून दाखवतो. येशूला मंदिराच्या शिरोभागी उभे करून, खाली उडी टाक म्हणत, तो स्तोत्र ९१ मधले देवदूत तुला सांभाळतील हे वचन पुढे करतो. मात्र मूळ स्तोत्रातले 'तुझ्या सर्व मार्गांत' हे शब्द तो गाळतो, आणि पुढच्याच ओवीत सिंह व नाग तुडवण्याची गोष्ट आहे, तिथपर्यंत तर येतच नाही. (का येत नाही, ते उघड आहे.) येशूची तिन्ही उत्तरे 'अनुवाद' या जुन्या करारातल्या पुस्तकाच्या ६ व्या आणि ८ व्या अध्यायांतली आहेत. इस्राएल ४० वर्षे रानात होते, तेव्हाची भूक, मान्ना (देवाने रानात दिलेले अन्न) आणि मस्सा येथे पाण्यासाठी त्यांनी देवाची पाहिलेली परीक्षा, हा सगळा प्रसंग त्या उत्तरांमागे उभा आहे, आणि उत्तर देणारा स्वतः ४० दिवसांचा उपाशी रानात आहे. आपण कोणत्या गोष्टीत उभे आहोत, हे त्याला कळले होते. आपण मुलांना सुटी सुटी वचने घोकायला लावतो आणि बक्षीस देतो. मीही तीस वर्षे तेच केले.

उत्तर २ (इब्रीचा विद्यार्थी)

नीतिसूत्रे १८:१६ ही आज्ञा नसून जगरहाटीचे निरीक्षण आहे; देणगीने दारे उघडतात, एवढेच ते सांगते, ती उघडावीत असे म्हणत नाही. तिथला 'मत्तान' हा शब्द साध्या भेटीलाही चालतो, तर निर्गम २३:८ मध्ये डोळसांना आंधळे करणाऱ्या लाचेसाठी 'शोहद' हा शब्द आहे. आपली भेट म्हणजे 'मत्तान', 'शोहद' नव्हे, अशी पळवाट तुम्हाला सुचू शकेल, म्हणून नीतिसूत्रे २१:१४ अवश्य पाहा: तिथे गुप्तपणे दिलेले 'मत्तान' आणि पदरात सारलेला 'शोहद' एकाच ओळीत जोडीने येतात. भेटीला नाव काय दिले यापेक्षा ती कागदाखाली का ठेवली, हे विचारावे.

उत्तर ३ (पाळकांचा मुलगा)

वरील दोन्ही उत्तरे मला मान्य आहेत, पण पाकीट खणात ठेवून अभ्यास करू नये असे माझे मत आहे. पोटीफराच्या घरी त्याच्या बायकोने मोह घातला, तेव्हा योसेफापाशी पाठ करायला नियमशास्त्रच नव्हते. देवाविरुद्ध असे पाप मी कसे करू, एवढेच तो म्हणाला आणि शेवटी वस्त्र तिच्या हाती टाकून पळाला. इब्री ५:१४ मध्ये बऱ्यावाइटाची पारख सरावाने येते असे म्हटले आहे, आणि हा सराव पुस्तकासमोर बसून पुरा होत नाही. उद्याच साहेबांच्या कानावर घाला.

प्रश्नकर्त्याकडून

आज सकाळी साहेबांसमोर पाकीट परत केले. पुरवठादार 'एवढे काय त्यात' म्हणत राहिला, आणि दरपत्रकाची तुलना आता माझ्याऐवजी दुसरा सहकारी करणार आहे. काल रात्री माझे जुने बायबल काढले होते. १८:१६ खाली शाळेतल्या लाल पेन्सिलीची ठसठशीत रेघ आहे. २१:१४ चे पान कोरेच होते.