प्रतिसाद: मॅजिस्ट्रेट बदलून मागता येतो का?

वर दोघांनी अगदी टोकाची मतं मांडली आहेत. एक म्हणतात, आरोपीला मॅजिस्ट्रेट निवडता येत नाही; दुसरे म्हणतात, अर्ज केला की बदलून मिळतो. निवडता येत नाही हे खरंच, पण एका ठिकाणी नुसती हरकतही पुरते.

मॅजिस्ट्रेट गुन्ह्याची दखल तीन वाटांनी घेतो: तक्रारीवरून, पोलिसांच्या अहवालावरून, किंवा इतर कोणाकडून मिळालेल्या वा स्वतःला असलेल्या माहितीवरून. ही तिसरी वाट महत्त्वाची. इथे खटला सुरू करणारा आणि चालवणारा एकच होतो. म्हणून पुरावा नोंदवण्याआधी आरोपीला ‘तुमचा खटला दुसऱ्या मॅजिस्ट्रेटपुढे चालवून घेण्याचा हक्क आहे’ असं सांगणं बंधनकारक आहे. त्याने हरकत घेतली तर कारण विचारत बसायचं नाही. खटला मुख्य न्यायदंडाधिकारी ठरवतील त्या मॅजिस्ट्रेटकडे जातो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १९१ होतं, तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत २११. अनेक आरोपी असतील तर एकाची हरकतही चालते.

पोलीस केसमध्ये मात्र हा हक्क नाही. तिथे पक्षपाताची रास्त भीती दाखवावी लागते, तीही आधी सत्र न्यायाधीशांकडे (नव्या संहितेचं कलम ४४८). त्यांनी नाकारलं तरच त्याच सत्र विभागातल्या (एका सत्र न्यायालयाच्या हद्दीतल्या) बदलीसाठी हायकोर्ट. ‘जामीन नाकारला, म्हणजे साहेब विरोधात’ एवढ्यावर काही होत नाही. शिवाय नुसता अर्ज टाकल्याने खालचं कामकाज थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते.