‘विमानं भंगारात काढा, ड्रोन घ्या’ हा हिशेब कुणी घातला?

देवगिरी_४२
परवा इथंच एकानं लिहिलं: “२६ राफेलला ६३ हजार कोटी. म्हणजे एक विमान चोवीसशे कोटींचं. तेवढ्यात लाखभर ड्रोन येतात. पायलट बसवायचे दिवस संपले.” खाली टाळ्यांचा पाऊस.

अहो, असा भागाकार करतात का? त्या रकमेत सिम्युलेटर आहेत, हत्यारं आहेत, प्रशिक्षण आणि देखभाल आहे. २०१६ च्या ३६ राफेलच्या ७.८७ अब्ज युरोतही सुटे भाग, क्षेपणास्त्रं आणि भारतासाठी केलेले बदल धरलेले होते. ट्रॅक्टरच्या बिलात रोटाव्हेटर, ट्रॉली आणि पाच वर्षांचं डिझेल धरून ‘ट्रॅक्टर महाग’ म्हणायचं, तसलं हे.

आणि लाखभर ड्रोन म्हणजे नेमके कोणते? चार पंख्यांचा एफपीव्ही, म्हणजे कॅमेऱ्यातून बघत चालवायचा छोटा ड्रोन, दोन-तीन किलो स्फोटकं घेऊन दहा-पंधरा किलोमीटर जातो. शाहेद हा इराणी बनावटीचा आत्मघाती ड्रोन लांब जातो, पण ताशी पावणेदोनशे-दोनशेच्या वेगानं आणि पन्नासेक किलो घेऊन. त्यानं गोदामाचं छप्पर उडेल, काँक्रीटखालचा बंकर नाही. सुखोईच्या पोटाखालचं ब्राह्मोस क्षेपणास्त्र एकटंच अडीच टनांचं.

बीडचा_बाण
हे सगळं विमान उडालं तर! १ जून २०२५ ला युक्रेननं ११७ ड्रोन ट्रकांतून रशियात आत नेले आणि तळावर उभी असलेली बॉम्बर जाळली. त्यातल्या टीयू-९५ बॉम्बरचं उत्पादन केव्हाच बंद पडलंय, जळालं ते गेलंच. २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्त झाल्यावर आपल्याकडं लढाऊ विमानांच्या स्क्वॉड्रन, म्हणजे तुकड्या, उरल्या २९, मंजूर ४२. इतकी महाग आणि इतकी थोडी, की धोक्यात घालायला हात धजत नाही. मग घेता कशाला?

देवगिरी_४२
उघड्यावर ओळीनं उभी केली तर जळणारच. काँक्रीटचं शेल्टर, वर जाळी, तळाभोवती ड्रोनचा रेडिओ सिग्नल अडवणारे जॅमर, हा खर्च टाळला हा दोष तळाचा. विमानाला का बोल लावता?
मे २०२५ मध्ये पाकिस्ताननं एका रात्रीत तीनशे-चारशे ड्रोन पाठवले, त्यातले बरेच आपल्या जुन्या एल-७० आणि शिल्का या विमानविरोधी तोफांनी पाडले. एमक्यू-९ सारखा महागडा अमेरिकी ड्रोन हुथी बंडखोरांनी येमेनवर किती वेळा पाडला, तेही बघा. तसलेच ३१ आपण सुमारे ३२ हजार कोटींना घेतोय. हे स्वस्त?

बीडचा_बाण
पाडला तर पाडला, पायलट कैदेत जात नाही! जॅमिंगचं म्हणाल तर फायबरच्या तारेवरचे ड्रोन जॅम होत नाहीत.

देवगिरी_४२
तार दहा-वीस किलोमीटरची. पाकिस्तानातला सरगोध्याचा हवाई तळ तारेनं गाठणार का?

परभणी_फवारा
फवारणीचा ड्रोन बघितलेला माणूस असली भाषा करत नाही. दहा लिटरची टाकी, एकरभर रान झालं की खाली उतरवा, बॅटरी बदला. बांधावर जनरेटर नसला तर दुपारपर्यंत सगळे सेट रिकामे. वजन वाढवलं की वेळ घटतो. वजनही हवं आणि पल्लाही हवा म्हटलं की जेट इंजिन आलं, आणि तिथंच स्वस्ताई संपली.

वाळूज_टूलरूम
आता कुठं मुद्द्यावर आलात. तुम्ही दोघं उगंच पायलटवरून भांडताय, गाडी अडली ती इंजिनावर. ८३ तेजसचा करार फेब्रुवारी २०२१ चा आणि त्याचं पहिलं एफ-४०४ हे अमेरिकी इंजिन आलं मार्च २०२५ मध्ये. तोवर विमानांचे सांगाडे इंजिनाची वाट बघत उभे.

नेते आले की शेंद्रा-बिडकीनला ‘डिफेन्स हब’. एकाला विचारा, जेट इंजिनातल्या टर्बाइनचं ब्लेड (पातं) कसं ओततात. आधी सिरॅमिकचा कोअर (आतल्या पोकळीचा गाभा), त्यावर मेण, मेणावर सिरॅमिकचे थर. मेण वितळवून काढायचं, निर्वात भट्टीत निकेलचा मिश्रधातू ओतायचा आणि साचा मिनिटाला काही मिलिमीटर इतक्या संथपणे गरम भागातून खाली ओढायचा. तळाशी पिळाची अरुंद वाट असते, तिच्यातून एकच स्फटिक वर चढतो. कोअर जरा सरकला की भिंत एका बाजूनं पातळ, दुसरा स्फटिक घुसला की ब्लेड बाद. पास झालं तर कॉस्टिकनं कोअर विरघळवायचा, मग थंड हवेची भोकं. ती भोकं ईडीएमवर, म्हणजे विजेच्या ठिणगीनं धातू कापणाऱ्या यंत्रावर, पाडणं वाळूजच्या पोरांना जमेल. भट्टी कुठाय? ब्लेडभोवतीचा वायू त्या धातूच्या वितळणबिंदूहून तापलेला असतो, म्हणून एवढा खटाटोप.

बीडचा_बाण
टूलरूम, धागा लढाऊ विमानांचा आहे, फाउंड्रीचा नाही. आणि तेजससाठीच्या आपल्या कावेरी इंजिनावर १९८९ पासून पैसा घातला, त्याचं काय झालं?

वाळूज_टूलरूम
२००८ मध्ये तेजसपासून तोडलं, हे झालं. हवा होता ८१ किलोन्यूटनचा रेटा, मिळाला त्याहून कमी. इंजिन हवेत तपासायचं विमान (उडतं टेस्टबेड) आपल्याकडं नव्हतं, चाचणीला इंजिन रशियाला न्यावं लागलं. डीएमआरएल या संरक्षण खात्याच्या धातू प्रयोगशाळेनं २०२१ मध्ये हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी एकाच स्फटिकाची (सिंगल क्रिस्टल) ब्लेडं एचएएल या सरकारी विमान कंपनीला दिली, म्हणजे विद्या आहे. कारखाना नाही. राग त्याचा येतो.

देवगिरी_४२
हे मान्य. पण म्हणून विमानच नको, हे कुठून आलं?

बीडचा_बाण
बरं बाबा, ब्राह्मोसपुरतं तुमचं खरं, हारतुरे पाठवतो. पण पायलटवाली पुढची दीडशे विमानं घेण्याऐवजी थोडी पायलटवाली आणि सोबत बिनपायलटची घ्या. अमेरिकेनंही तेच चालवलंय. आपलं कॅट्स वॉरियर हे लढाऊ विमानासोबत उडायचं बिनपायलटचं विमान आहेच.

वाळूज_टूलरूम
त्या वॉरियरला इंजिन कोणतं ते बघितलं का? पीटीएई-७. मूळचं ‘लक्ष्य’ या सरावाच्या टार्गेट विमानाचं. जादा इंधन जाळून जोर वाढवणारा आफ्टरबर्नर नाही, ताकद बेताची. त्याहून मोठं घालायचं तर पुन्हा परदेशाच्या दारात. पायलट उतरवलात, आता इंजिन कुणाचं घालता ते सांगा.