मदत हवी आहे: एनव्हीएमई डिस्कचे इंटरप्ट (प्रोसेसरचं लक्ष वेधणारे हार्डवेअरचे संकेत) राखीव कोअरवरून हलत नाहीत

नमस्कार मंडळी. चार कोअरच्या इंटेल मशीनवर लिनक्स ६.१२ आहे, प्रीएम्प्ट-आरटी (कामं वेळेवर व्हावीत यासाठीची रिअल-टाइम सोय) चालू करून कर्नल स्वतः बांधला आहे. कोअर ३ फक्त मोटर कंट्रोलच्या लूपसाठी राखायचा आहे. तिथे उशीर झाला की मोटर झटका देते, म्हणून हे नीट समजून घ्यायचंय.

बूट पॅरामीटरमध्ये आयसोलसीपीयूज=३ (कोअर ३ इतर कामांपासून वेगळा) आणि आयआरक्यूअ‍ॅफिनिटी=०-२ (इंटरप्ट कोअर ०-२ वर) दिलंय; इंटरप्ट आपोआप कोअरांवर वाटणारं आयआरक्यूबॅलन्स बंद आहे. नेटवर्क कार्डाचे इंटरप्ट निमूट ०-२ वर गेले. एनव्हीएमईची एक रांग (डिस्कच्या कामांची, स्वतःचा इंटरप्ट असलेली) मात्र कोअर ३ लाच चिकटली आहे. तिचा इंटरप्ट कोणत्या कोअरवर जावा हे ठरवणाऱ्या एसएमपी-अ‍ॅफिनिटी फाइलमध्ये लिहायला गेलं की एरर येते. हे कर्नलने स्वतःच्या ताब्यात ठेवलेले ‘मॅनेज्ड’ इंटरप्ट, एवढं कळलं.

आयसोलसीपीयूजमध्ये मॅनेज्ड-आयआरक्यू जोडलं, तर रांगेच्या मास्कमध्ये (तिला चालणाऱ्या कोअरांच्या यादीत) एकटा कोअर ३ असताना उपयोग होतो का? की त्या कोअरवरून डिस्कवर काही लिहिलंच नाही, तर तो इंटरप्ट उठणारच नाही? माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे, पण लॉग लिहिणारा थ्रेड वेगळ्या कोअरवर हलवण्याआधी खात्री हवी.

शिवाय आयआरक्यू थ्रेड (इंटरप्ट हाताळणारे) मुळात फिफो ५० या रिअल-टाइम प्राधान्यावर असतात; आकडा मोठा तर प्राधान्य जास्त. लूपला ८० दिलंय, ते योग्य वाटतं का? प्रत्यक्ष असं मशीन चालवणाऱ्यांनी कृपया सांगावं.